गुड मॉर्निंग, मिस प्रुइट

मंगळवार, २७ सप्टेंबर

आज मी सचोटी मंडळाचा तपासनीस झालो. चॅपलमध्ये सगळ्यांसमोर उजवा हात वर करून शपथ घेतली. कार्यक्रम छोटासाच होता, पण शपथेचे शब्द मी आदल्या रात्री आरशासमोर वीसदा म्हणून पाहिले होते. हे इथे लिहायला हरकत नाही, कारण इथलं दुसरं कोणी वाचणार नाही.

मंडळात सगळे विद्यार्थीच असतात. प्राध्यापकांना आत जागा नाही, डीनलाही नाही. कोणी खोटं बोललं, परीक्षेत नक्कल केली किंवा दुसऱ्याचं लिखाण स्वतःचं म्हणून दिलं, तर तपास आम्ही करायचा आणि निकालही आम्हीच द्यायचा. शिक्षा एकच, कॉलेज सोडून जायचं, कायमचं. म्हणून तर आमच्याकडे परीक्षेला पर्यवेक्षक नसतो, आणि वाचनालयात लॅपटॉप उघडा टाकून जेवायला गेलं तरी तो जागच्या जागी राहतो. व्हर्जिनियात आमच्याहून मोठी कॉलेजं पुष्कळ आहेत, मी या एका कारणासाठी इथे आलो.

अध्यक्ष कॉन्स्टन्स टॉलिव्हर शेवटच्या वर्षाला आहे. तिने आम्हा नव्या तपासनिसांना पहिला धडा दिला तो नावांचा. एरवी इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, आणि वाटेत भेटेल त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं ही जुनी रीत. पण एखाद्याची फाइल उघडली की त्या क्षणापासून तो आमच्यासाठी मिस्टर अमुक किंवा मिस तमुक. अरे-तुरे बंद. फाइल मिटली की नाव परत.

"पहिलं नाव तोंडात असलं की माणूस पाघळतो," कॉन्स्टन्स म्हणाली. "आडनावाची कोणाला दया येत नाही."

शुक्रवार, ३० सप्टेंबर

नावांचा सराव चालू आहे. माझ्याबरोबरचा तपासनीस ग्रेडी बोलिंग पहिल्या दिवसापासून माझ्याच खोलीत राहतो, त्याला 'मिस्टर बोलिंग, तुम्ही' म्हणताना मला हसू फुटतं, आणि मला 'मिस्टर यारब्रो' म्हणताना त्याला. कॉन्स्टन्सने आज दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "आल्डन, तुझ्यासाठी एक मांजर नेमू का सरावाला?"

मनाला लागलं. आता जीभ वळवायचीच. संध्याकाळी वाचनालयाच्या मांजराला खरोखरच 'मिस्टर बटन्स' म्हणालो. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

रविवार, १६ ऑक्टोबर

डेलिया प्रुइटबरोबर नाश्ता. पहिल्या वर्षापासून रविवारचा नाश्ता आम्ही एकत्र करतो. कधी ठरवला नाही, होतो आपला. डेलिया पार डोंगरातल्या कोळशाच्या खाणींकडची. बोलते सावकाश, पण चिमटे बरोबर काढते. माझी आई पालकांच्या मेळाव्यात तिला एकदा भेटली, तेव्हापासून फोनवर माझ्याआधी तिची चौकशी करते.

"काय फौजदार," ताट ठेवता ठेवता डेलिया म्हणाली, "आज कोणाला फासावर चढवणार?"

"तपास गुप्त असतो."

"म्हणजे अजून एकही केस मिळालेली नाही."

खरंच मिळालेली नव्हती. मग मी तिला नावांच्या सरावाबद्दल सांगितलं, त्यात गुप्त काही नाही. मांजराची गोष्ट ऐकून ती टेबलावर हात आपटून हसली. पण नंतर पावासारख्या मऊ गरम बिस्किटांवरची ग्रेव्ही चमच्याने ढवळत बसली.

"आल्डन, समज एखाद्याने चूक केली. आणि कोणाला कळायच्या आत स्वतःच जाऊन सांगितलं, तर?"

असे प्रश्न मला आवडतात. मी नीट समजावून सांगितलं. त्याला पूर्वकबुली म्हणतात. आपल्यावर संशय आहे हे कळायच्या आत माणसाने कबूल केलं, तर तो कॉलेजात राहतो. निबंधाला शून्य मिळतं आणि विषय संपतो. पण संशयाचा नुसता वास जरी आला असेल तरी ती कबुली धरत नाहीत. ती पश्चात्तापाची नसते, भीतीची असते.

"नुसता वास?"

"नुसता वास."

"आणि वास आला होता की नाही हे कोणी ठरवायचं?"

"त्यालाच विचारतात. तो सांगेल ते."

"गंमतच आहे," ती म्हणाली.

"पण खरं सांगू? मुळात चोरांना एवढी सवलत तरी कशाला? प्रत्येक निबंधाखाली आपण स्वतःच्या हाताने लिहून देतो, की हे माझं आहे. ते लिहिताना हात थांबला नाही, मग नंतर कसलं रडगाणं?"

ती म्हणाली बिस्किटं गार झाली, आणि उठली. तिचं अर्धं बिस्किट मी खाल्लं. गुरुवारी तिने इतिहासाचा निबंध दिला, तिच्या गावाकडच्या महापुरावर. कसा झाला विचारलं तर म्हणाली, "दिला एकदाचा." चेहरा उतरलेला वाटला. सर्दी झाली असावी.

गुरुवार, २० ऑक्टोबर

पहिली केस आली.

इतिहासाच्या डॉ. लिंडक्विस्ट दुपारी एक निबंध घेऊन आल्या. त्यातले चार परिच्छेद एका जुन्या जिल्हा-इतिहासातून शब्दाला शब्द उचललेले. मूळ पुस्तकाचा उल्लेख कुठेच नाही. शेवटी हाताने लिहिलेली शपथ आणि सही.

सही डेलियाची.

मी कॉन्स्टन्सला म्हणालो, ही माझी मैत्रीण आहे, मला यातून वगळ. ती म्हणाली, "आपण सगळे मिळून सहाशे जण. इथे प्रत्येक जण कोणाचा तरी मित्र आहे. मित्रांना वगळायचं तर खटले कोण चालवणार, मिस्टर बटन्स?" मग जरा हळू म्हणाली, "तुला जमेल, म्हणून तुला देतेय."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. वाईटही वाटलं. डेलियाने असं का करावं? तिला लिहिता येत नाही असं थोडंच आहे.

उद्या दुपारी चार वाजता मी आणि ग्रेडी मिळून तिला नोटीस देणार. तोपर्यंत तिला काहीही कळता कामा नये. आतापासून ती मिस प्रुइट.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

आजचा दिवस तपशिलाने लिहितो.

सकाळी वर्गाला जाताना मिस प्रुइट समोरूनच आल्या. नजर चुकवली असती तर त्यांना शंका आली असती, कारण इथे भेटल्यावर न बोलता कोणी पुढे जात नाही. म्हणून चेहरा हसरा ठेवला आणि अगदी सहज म्हणालो, "गुड मॉर्निंग, मिस प्रुइट. हवा छान पडली आहे."

त्या थांबल्या. "हो, छान आहे," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दहा पावलांवरून मी मागे वळून पाहिलं तर त्या तिथेच उभ्या होत्या. मग वर्गाकडे न जाता कचेरीच्या इमारतीकडे वळल्या. फीचं काहीतरी काम असेल.

मी स्वतःवर खूश होतो. चेहऱ्यावर काहीही दिसू दिलं नाही, आणि नियमही मोडला नाही. ग्रेडीला हे जमलं नसतं.

नंतर: कॉन्स्टन्सचा निरोप आला. मिस प्रुइटनी सकाळीच मंडळाच्या कचेरीत जाऊन कबुली दिली! नोटीस निघायच्या आधी! मी खोलीत एकटाच उडी मारली. सुटली! म्हणजे सुटल्या.

कॉन्स्टन्स मात्र खूश नाही. "फाइल काल उघडली आणि कबुली आज? कोणीतरी फुटलंय."

मंगळवार, २५ ऑक्टोबर

कॉन्स्टन्सने आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं. ग्रेडी तर भडकलाच. मी शांतपणे लिहून दिलं: 'माझ्या बोलण्यातून किंवा वागण्यातून मिस प्रुइट यांना कोणतीही सूचना मिळालेली नाही.' खाली शपथ आणि सही. हात जराही थांबला नाही. खरं लिहिणाऱ्याचा थांबत नाही.

केस संपेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही. परवाचा नाश्ता एकट्याने केला. मक्याच्या ग्रिट्सच्या लापशीत लोणी घालायला विसरलो आणि तशीच खाल्ली.

आईचा फोन आला. "डेलिया कशी आहे?"

"मिस प्रुइट बऱ्या असाव्यात."

"कोण?" आई म्हणाली. "आल्डन, तू असा बँकेतून बोलल्यासारखा काय बोलतोस? भांडलात का?"

आईला काय सांगणार?

गुरुवार, ३ नोव्हेंबर

आज सुनावणी झाली. आठ विद्यार्थी पंच, अध्यक्ष कॉन्स्टन्स. परिच्छेद उचलले यावर वादच नव्हता. मिस प्रुइटनी ते पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलं. का उचलले असं एका पंचाने विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या पुरात माझ्या आजीचं घर गेलं. मी पाच वेळा लिहायला बसले. त्या पुस्तकातल्या माणसाने ते असं लिहिलं होतं, की माझं मला वाचवेना."

राहिला एकच प्रश्न. कॉन्स्टन्सने तो सावकाश विचारला.

"कबुली द्यायला जाताना आपल्यावर संशय आहे असं तुम्हाला माहीत होतं का? किंवा तशी शंका आली होती का?"

'नाही' एवढा एक शब्द पुरे होता. तो खोटा ठरवायला कोणाकडेही काही नव्हतं. मी मनातल्या मनात तो शब्द चार वेळा म्हणून पाहिला.

मिस प्रुइटनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"कोणी काही सांगितलं नाही."

"मग कशावरून?"

"एक जण रोज बोलतो तसा बोलला नाही."

"कोण?"

"नाव नाही घेणार. त्याचं काही चुकलं नाही. तो बिचारा त्याच्या परीने नीटच बोलला."

बेसबॉलच्या संघातला एक आडदांड पंच पुढे वाकला. "पण तुम्ही तशाही जाणारच होतात ना? तेवढं तरी म्हणा." तो जवळजवळ विनवणी करत होता.

"जाणार होते," त्या म्हणाल्या. "पण सोमवारपासून मी रोजच जाणार होते. बुधवारी दारापर्यंत जाऊन परत आले. त्या दिवशी आत गेले असते की नाही, ते मला सांगता येत नाही. गेलेच असते म्हटलं तर खोटं होईल."

पंचांना फार वेळ लागला. परत आले तेव्हा त्या आडदांड मुलाचे डोळे लाल होते. कबुली धरली नाही. तिला जावं लागणार.

संतापाने माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. कोण असेल हा गाढव? ग्रेडी असेल, त्याला तोंडावर ताबाच नाही. किंवा डॉ. लिंडक्विस्ट वर्गात तिच्याशी तुटक वागल्या असतील. पण ती 'तो' म्हणाली. मग ग्रेडीच. कोणीही असो, त्याच्या एका बेसावध शब्दापायी ती गेली, आणि ती मात्र त्याला पाठीशी घालते आहे. हा माणूस सापडला तर मी त्याला सोडणार नाही.

शनिवार, ५ नोव्हेंबर

ती गेली.

तिचा भाऊ पिकअप घेऊन आला होता. तिची आई पुढच्या सीटवर समोर बघत बसली होती, उतरली नाही. मी मदतीला गेलो. फाइल कालच मिटली होती.

"डेलिया, आण ते खोकं इकडे."

ती हसली. "आलं का नाव परत?"

"फाइल मिटली ना. नियमच आहे तसा."

"माहीत आहे रे. तूच तर सांगितला होतास. म्हणून त्या शुक्रवारी लगेच कळलं."

"काय कळलं?"

तिने खोकं माझ्या हातात दिलं आणि माझा आवाज काढला, माझ्यासारखी मान ताठ करून. "गुड मॉर्निंग, मिस प्रुइट. हवा छान पडली आहे."

मी खोकं धरून उभा राहिलो. त्यात पुस्तकं होती, फार जड होतं, आणि ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

"मी होतो तो?"

"म्हणजे तुला..." डेलिया माझ्याकडे बघतच राहिली. "तुला माहीतच नव्हतं? मला वाटलं, तू तिथे बसून माझ्यासाठी गप्प आहेस."

"मला आत्ता कळतंय!"

मग ती जे हसायला लागली! पिकअपला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊ वळून बघायला लागला. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मग 'नाही' म्हणायचं होतंस," मी म्हणालो. "कोणाला कळलं असतं?"

तिचं हसू ओसरलं. "चार परिच्छेद उचलले तेवढं पुरे झालं, आल्डन. त्यावर आणखी एक खोटं कशाला?" मग माझ्या दंडावर हलकेच गुद्दा मारला. "आता खोकं चढव, फौजदार. आई थांबली आहे."

पिकअप फाटकाबाहेर जाईपर्यंत मी हात हलवत होतो. तिने मागे पाहिलं की नाही, मला दिसलं नाही.

रविवार, ६ नोव्हेंबर

मी लिहून दिलेलं खोटं आहे. सही केली तेव्हा मला ते माहीत नव्हतं, म्हणून तेव्हा ते खोटं बोलणं नव्हतं. पण कालपासून माहीत आहे. म्हणजे गप्प राहिलो तर आता ते खोटं बोलणंच आहे.

कॉन्स्टन्सला जाऊन सांगायचं, एवढंच काम आहे. सकाळी गेलो नाही, कारण ती चर्चला असते. दुपारी ती जेवत असेल. नंतर तिच्या खोलीच्या जिन्यापर्यंत गेलो. वर गाणी चालू होती, हसण्याचे आवाज येत होते. अशा वेळी कसं जायचं? परत आलो.

हे लिहिताना मला डेलियाचा बुधवार आठवतो. रडगाणं म्हणालो होतो मी.

उद्या सकाळी पहिलं काम हेच.

सोमवार, ७ नोव्हेंबर

नाश्ता न करताच निघालो. मनात वाक्यं जुळवत होतो. चॅपलच्या वळणावर कॉन्स्टन्स समोर आली, हातात कॉफीचा पेला. ती रोज म्हणते, "काय आल्डन, अंघोळ केलीस का आज तरी?"

आज म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस्टर यारब्रो."

माझे पाय जागेवरच थांबले. तीही थांबली. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहत राहिली. शब्द तोंडून चुकून निघाला, की मला सावध करायला मुद्दाम काढला, की इशारा देऊन माझी कबुली आधीच बाद करायची होती, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. 'रोज बोलतो तसा बोलला नाही' हे ऐकून तिला गुरुवारीच सगळं उमगलं असणार. ती माझ्यासारखी मठ्ठ नाही.

डेलिया त्या दिवशी वाटेवर का उभी राहिली होती ते आता कळलं. परत फिरून नाश्ता करता आला असता. दुपारच्या नोटिशीची वाट पाहता आली असती. मी कॉन्स्टन्सच्या मागोमाग कचेरीत गेलो.

सगळं सांगितलं. वाटेवरचं, लिहून दिलेलं, शनिवारचं, आणि कालचा अख्खा दिवस. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. टेबलावर एक पातळ फाइल आधीच होती, वर माझं आडनाव. मी बोलून थांबल्यावर तिने कॉफीचा पेला बाजूला सरकवला.

"मिस्टर यारब्रो, इथे येण्याआधी आपल्यावर संशय आहे अशी तुम्हाला शंका आली होती का?"

'नाही' म्हटलं असतं तर तिने ते मान्य केलं असतं. तिच्याकडे बघून मला तसं वाटलं. बहुतेक तिला तेच हवं होतं.

"हो," मी म्हणालो.

"कशावरून?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"कोणी काही सांगितलं नाही," मी म्हणालो. "एक जण रोज बोलतं तसं बोललं नाही."

"कोण?"

"नाव नाही घेणार," मी म्हणालो.